तारा खाली आणल्या तो एप्रिल

मार्चच्या अखेरीस आमच्या गल्लीत कूलरच्या ताट्या विकणारा येतो. हातगाडीवर वाळल्या गवताच्या जाळीबंद ताट्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यांवर पाण्याचा हबका मारून तो आधी वास विकतो आणि मग माल. यंदाही तो आला. ओल्या गवताचा वास खिडकीतून आत आला आणि मी हातातले वर्तमानपत्र घडी करून ठेवले. अमरावतीत उन्हाळ्याची वर्दी मला या वासाने मिळते आणि त्याच्यासोबत, माझी इच्छा असो वा नसो, एक ठरावीक एप्रिल परत येतो. त्या एप्रिलात मी एका वाद्याच्या तारा खाली आणत होतो. दुसरे काही करत नव्हतो.

वाद्य म्हणजे बास गिटार. चार जाड तारा, लांब दांडी आणि छातीच्या फासळ्यांना ऐकू यावा असा खालचा आवाज. दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात; त्यांना आम्ही पडदे म्हणतो. बोटाने तार पडद्यावर दाबावी, तेव्हा सूर निघतो. पडद्यापासून तार किती उंच आहे, त्या अंतराला वाजवणारे अ‍ॅक्शन म्हणतात. अंतर अधिक असेल तर बोटाला जोर लागतो. अंतर अगदी कमी केले तर जोर लागत नाही. परंतु मग हलणारी तार पुढच्या पडद्यांवर आदळते आणि सुराच्या जागी पत्र्यावर हरभरे सांडल्यासारखा आवाज येतो. सतारीत अशी झणझण कारागीर मुद्दाम घडवतो. बासमध्ये ती निव्वळ खराबी असते. या दोन टोकांच्या मध्ये एक जागा आहे, जिथे बोटाला कष्ट नाहीत आणि सुराला डाग नाही. ती जागा केसाएवढी अरुंद आहे. ती सापडेल असे मला वाटले होते.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. आयुष्य कागदावर रेघा ओढण्यात गेले. रेघ किती जाड असावी यावर मी माणसांशी भांडलो आहे. अंतर मोजणे हा माझा धंदा होता, असे म्हटले तरी चालेल. त्यामुळे बोटे थकली तेव्हा मी बोटांचा विचार फारसा केला नाही. मी अंतराचा विचार केला.

आमच्याकडे जयंती म्हटले की कोणाची, हे विचारावे लागत नाही. तारीख एकच आहे, पण वऱ्हाडात ती एका दिवसात आटोपत नाही. शहरात त्या दिवशी मिरवणूक निघते. गावे मात्र पुढचे दिवस आपसात वाटून घेतात. आज या गावी, परवा त्या गावी, असे बुद्धपौर्णिमा उलटून जाईपर्यंत चालते. गायनपार्ट्या थोड्या आणि गावे पुष्कळ, हे त्यामागचे साधे कारण. म्हणून आमच्या लेखी हा एक मोसमच आहे. पळस फुलून गळून जातो, कडुनिंबाला नवी पालवी येते, विहाराच्या भिंतीला चुना लागतो, आणि कोणाच्या तरी अंगणात ढोलकी गरम करण्यासाठी उन्हात ठेवलेली दिसते. दुपट्टा डोक्याला गुंडाळून, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकून माणसे वर्गणीसाठी फिरतात. ऊन इतके असते की कुत्रीसुद्धा भुंकण्याचे काम संध्याकाळवर टाकतात.

आमची पार्टी मधुकरची. मधुकर आणि मी एका वस्तीत, एका भिंतीच्या दोन बाजूंना वाढलो. तो एसटीत कंडक्टर होता आणि आवाज आपण बसमध्येच कमावला, असे सांगत असे. "मागच्या शीटवरच्या म्हातारीले आयकू गेलं पाह्यजे, मंग स्टेजवर माइक कायले लागते?" माइक मात्र तो कधी सोडत नसे. तो पुढे गातो, मी त्याच्या मागे उजव्या हाताला उभा राहतो. चाळीस वर्षे ती जागा बदललेली नाही. ढोलकीवाले बदलले, बेंजोवाला वारला, हार्मोनियम गेली आणि कीबोर्ड आला. मी जिथे होतो तिथे होतो.

बास मी पंचविशीत घेतला. नागपूरचा एक ऑर्केस्ट्रा मोडला, त्याचे सामान विकायला निघाले होते. दांडीच्या टोकावरचे नाव कोणीतरी खरवडून काढलेले होते. वाद्य कोठले, हे मला आजही ठाऊक नाही. मधुकरने ते उचलून पाहिले आणि म्हणाला, "हे वाजवाचं हाये का भांडणात वापराचं?" तारा अतिशय उंच होत्या, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळले. तेव्हा कळायचे कारण नव्हते. मी दाबत होतो आणि त्या दबत होत्या. बोटांच्या टोकांना घट्टे पडले, घट्ट्यांवर घट्टे पडले. एकदा गरम तवा उचलताना मला चटका बसला नाही, तेव्हा पत्नी घाबरली होती. मला त्या घट्ट्यांचा अभिमान होता. आता ते मऊ झाले आहेत, आणि तवा भाजतो.

एका श्रावणात आम्ही चिखलदऱ्याला गेलो होतो. कोणाच्या तरी निवृत्तीचा समारंभ होता. दिवसभर ढग खोलीतून ये-जा करत होते, गाद्या ओल्या लागत होत्या, काडेपेटी पेटत नव्हती. त्या दोन दिवसांत बासच्या तारा आणखी उंच झाल्या होत्या. लाकडाने ओल पिऊन दांडी पुढे वाकवली होती. मी ते पाहिले, दांडीच्या आतली, तिचा बाक काढणारी सळई थोडी आवळली आणि विसरून गेलो. हात धड असताना माणूस अशा गोष्टी लक्षात ठेवत नाही.

त्या एप्रिलच्या आधीच्या हिवाळ्यात डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट तारेवरून घसरू लागले. आधी थंडीला दोष दिला. मग भाजीची पिशवी त्या हातातून सुटली. डॉक्टरांनी मानेचा फोटो काढायला लावला, तो उजेडापुढे धरला आणि मणक्यातून हाताकडे उतरणारी नस दाबली गेल्याचे दाखवले. दुखणे वाढू नये यासाठी त्यांनी औषधे आणि व्यायाम सांगितले. गेलेली ताकद परत येईल का, असे मी विचारले. त्यांनी फोटो पाकिटात घातला आणि म्हणाले, "आहे ती सांभाळा." उत्तर स्पष्ट होते. मला अशी उत्तरे आवडतात.

मधुकरला मी सांगितले. तो बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळत बसला.

"दोन तास निभते काय?" त्याने विचारले.

"आजच्या घडीला नाही."

"मंग?"

"तारा खाली आणतो."

"तारा खाली आणल्यानं बोटात जोर येते काय?"

"जोर लागणारच नाही, असं करतो."

त्याने मान हलवली. पहिला कार्यक्रम तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडला होता. तोवर वाद्य हाताजोगे झाले, तर मी स्टेजवर. नाही तर नाही. आशिष नावाचा आमचा कीबोर्डवाला डाव्या हाताने बासचे सूर वाजवू शकतो, हे दोघांनाही ठाऊक होते. आजकाल सगळ्याच पार्ट्यांत तसे चालते. बास वाजवणारा माणूस वेगळा नेणे हा आता गाडीतल्या जागेचा प्रश्न झाला आहे. मधुकरने आशिषचे नाव घेतले नाही. मीही घेतले नाही.

बास दुरुस्त करणारा माणूस अमरावतीत सापडला नाही, अकोल्यातही नाही. अकोल्याच्या एका हार्मोनियमवाल्याने पिशवीची चेनही उघडली नाही. "हे आपल्या लाइनीचं नाई भाऊ. भाता असता तं पाह्यला असता." तेव्हा मी मोबाइलवर परदेशी माणसांच्या चित्रफिती पाहू लागलो. ही माणसे स्वच्छ टेबलावर वाद्य निजवतात आणि हळू आवाजात बोलतात. त्यांच्या भिंतीवर हवेतली ओल दाखवणारे घड्याळासारखे यंत्र टांगलेले असते. हवा कोरडी असेल तर लाकूड आक्रसते, दांडी बिघडते, म्हणून वाद्याजवळ ओलावा राखा, असे ती वारंवार सांगत. मला ते पटले. मी आमच्या घरात पाहिले. ओलावा एकाच खोलीत होता, कूलरच्या.

अशा रीतीने बास पलंगावर गेला. कूलरच्या समोर, चादरीवर, उशीवर मान टेकवून.

"त्या लाकडाले थंडी वाजंन," पत्नी दारात उभी राहून म्हणाली. तिचे नाव कुसुम. "पांघरूण देऊ काय?"

मी दांडीवरून एक डोळा मिटून पाहत होतो.

"मी सैपाकघरात उकडून राहिली, अन् हे बाईसाहेब कूलरपुढं झोपून राहिल्या. चाळीस वर्सं झाले, मले कोनी अशी उशी नाई देल्ली."

"संध्याकाळी पलंग मोकळा करतो."

"राहू द्या. तिची झोपमोड कायले करता?"

ती हसत होती. मी हसलो नाही; पण त्या दुपारचे तिचे हसणे मला नीट आठवते. पदराने मान पुसत होती आणि हातात कैरी होती.

काम रोज दुपारी चाले. त्या वेळी रस्ता ओस पडलेला असे, पत्र्याची छपरे तडतडत, आणि कूलरचे पाणी ताट्यांवरून झिरपण्याचा एकसारखा आवाज येत राही. प्रथम सर्व तारा सैल केल्या. लोखंडी पट्टी पडद्यांवर ठेवून कोणता पडदा वर आला आहे ते शोधले. वर आलेल्या पडद्यांवर मार्करची रेघ ओढली, काचेच्या तुकड्याला पॉलिश पेपर चिकटवला आणि रेघ नाहीशी होईपर्यंत घासले. मग पडद्यांच्या कडा पुन्हा गोल केल्या. दांडी जिथे लाकडी अंगाला जोडलेली असते तिथे स्क्रू काढून एक पातळ पट्टी घातली, म्हणजे दांडीचा कोन किंचित बदलतो. त्यासाठी जाड, सपाट कागद हवा होता. घरात तेवढा चांगला कागद म्हणजे लग्नपत्रिका. लग्नसराईत त्यांना तोटा नसतो. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचे स्क्रू एकेक करून खाली आणले. दांडीच्या आत लोखंडी सळई असते. ती आवळली की दांडी सरळ होते. ती आवळली, वाट पाहिली, पुन्हा थोडी आवळली. लाकडाला सांगितलेले ऐकायला एक रात्र लागते.

त्या दिवसांत मी समाधानी होतो का? शब्द मोठा आहे. हाताला काम होते आणि कामाला शेवट दिसत होता. म्हातारपणी या दोन गोष्टी क्वचित एकत्र येतात. तार थोडी खाली येई, मी सर्व पडद्यांवर एकेक सूर वाजवून पाही, कुठे झणझण आली की घोडी पुन्हा थोडी वर घेई. आमच्या खात्यात कालव्याचा उतार असाच काढत. पाणी वाहिले पाहिजे आणि माती वाहू नये. त्या कालव्यांपैकी काहींत पुढे पाणी आलेच नाही. रेघा मात्र बिनचूक होत्या.

एका दुपारी ती केसाएवढी जागा सापडली. करंगळी तारेवर नुसती टेकवली आणि सूर आला. पूर्ण, गोल, कोठेही न खरवडलेला. मी तो पुन्हा वाजवला. खिडकीचे तावदान थरथरले. कुसुम स्वयंपाकघरातून आली आणि पलंगाच्या कडेवर बसली. मी एक संपूर्ण गाणे वाजवले. हात थकला नाही. दुसरे वाजवले.

संध्याकाळी मधुकर आला. त्याने उभ्या उभ्या ऐकले आणि डोळे बारीक केले.

"अरे बाप्पा! हे तं पोरीच्या वेणीले हात लावल्यासारखं वाजवून राहिला तू."

"जोर लागत नाही."

"मी म्हनलं होतं काय, लागंन म्हनून?" त्याने तशीच शंका काढली होती. परंतु तो इतका आनंदात होता की मी त्याला आठवण करून दिली नाही. कुसुमने त्याला पन्हे दिले. त्याने एका दमात पेला रिकामा केला आणि दुसरा मागितला. तिघांनी पलंगाभोवती बसून हिवरखेडच्या गाण्यांचा क्रम ठरवला.

बसवलेल्या वाद्याला पुन्हा हात लावायचा नाही, ही माझी शिस्त. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मी बास पिशवीत घातला, चेन लावली, आणि हिवरखेडपर्यंत ती उघडली नाही.

गाडी दोन दिवस अकोल्यात थांबली. मधुकरची मुलगी तिथे दिलेली आहे, आणि स्पीकरही तिथलेच घ्यायचे होते. मूर्तिजापूर सोडले तेव्हाच खिडकीतून येणारा वारा भट्टीसारखा झाला होता. अकोल्याच्या लोकांना आपल्या उन्हाचा गर्व आहे. मधुकरचा जावई आम्हाला दारातच म्हणाला, "काका, तुमच्या अमरावतीचं दुपारचं ऊन म्हंजे आमच्या इथी सकायचं कोवळं." हे तो पाहुण्याला पाणी देण्याच्या सुरात सांगत होता. सामान गाडीतच राहिले. गाडी भिंतीलगत उघड्यावर उभी होती. माझ्या मनात एकदाही आले नाही, की जे वाद्य मी महिनाभर ओल्या वाऱ्यात निजवले, ओलीत मोजले, ओलीत बसवले, ते आता पत्र्याच्या डब्यात सुकत आहे. त्या परदेशी माणसांच्या खोलीत हवा बारमाही एकच असते. आमच्याकडे कूलरची खोली सोडली की उंबऱ्यापासून वाळवंट सुरू होते. हे मला वयाच्या सत्तरीत कोणी शिकवायला नको होते. मी इथलाच आहे.

हिवरखेडचे स्टेज विहारापुढच्या मोकळ्या जागेत होते. निळ्या पताका, पंचरंगी ध्वज, खाली सतरंज्या. दिवेलागणीची वेळ होती. जमिनीतून मात्र अजून आग निघत होती. बायका लेकरांना घेऊन पुढे बसल्या होत्या, म्हातारे कडेला खुर्च्यांवर. वंदना झाली. वंदनेला सगळे उभे राहतात. स्टेजवर आम्ही, खाली ते. त्या दोन मिनिटांत वारा थांबल्यासारखा वाटतो. मग मधुकरने हात वर केला, ढोलकीवर थाप पडली, आणि मी पहिला सूर दाबला.

सूर आला नाही. पत्र्यावर हरभरे सांडले.

दुसऱ्या तारेवरही तेच. दांडी सुकून मागे गेली होती, आणि तारा पहिल्या काही पडद्यांवर जवळजवळ निजल्या होत्या. वरच्या भागात सूर शिल्लक होते. मी गाणे तिकडे सरकवले; पण त्या गाण्याचे घर खालीच होते. स्पीकर मोठे होते. प्रत्येक झणझण समोरच्या भिंतीवर जाऊन परत येत होती. पहिले कडवे संपले, तेव्हा मधुकरने मागे वळून पाहिले आणि लगेच पुढे वळून माइकवर म्हणाला, "गिटारीले ऊन लागलं मायबाप! हिवरखेडचं ऊन, काय सांगू!" लोक मनमुराद हसले. एका म्हाताऱ्याने खुर्चीवरून ओरडून विचारले, "कांदा ठेवला नाई काय खिशात?" पुन्हा हशा झाला. मधुकरने मला वाचवले होते. वाचवले जाणे मला आवडत नाही.

पहिल्या तीन गाण्यांनंतर सत्कार होते. हार घालणे चालू असताना मी स्टेजच्या मागे गेलो, सळई फिरवायची चावी खिशातून काढली आणि दांडीतली सळई सैल केली. तारा वर आल्या. वाजवून पाहिले. सूर स्वच्छ. इतका स्वच्छ, की मला क्षणभर आपण काही मिळवले असे वाटले. मग करंगळीने दाबून पाहिले. तार दबली, पण बोट थरथरत होते.

जे झाले ते एवढेच आहे, आणि त्यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. कोरड्या हवेत वाद्याला जी उंची हवी होती ती माझ्या हाताला झेपत नव्हती. माझ्या हाताला जी झेपत होती तिच्यात वाद्य बोलत नव्हते. अमरावतीच्या पलंगावर सापडलेली ती केसाएवढी जागा दोघांच्या मध्ये होती, असे मी समजत होतो. ती कूलरने उसनी दिलेली होती. कूलरच्या वाऱ्यापलीकडे ती जागा अस्तित्वातच नव्हती. मी आणखी घासले असते, आणखी मोजले असते, सळई दहादा फिरवली असती, तरी हिवरखेडच्या स्टेजवर मला ती सापडली नसती. चुकीचे काही दुरुस्त करता आले असते तर दुःख निराळे झाले असते.

सत्कार संपले. मी जागेवर जाऊन उभा राहिलो आणि वाजवू लागलो. एक गाणे पूर्ण वाजले. खाली बसलेल्यांत कोणीतरी मान डोलावली. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर करंगळी तारेवरून उतरली आणि परत चढली नाही. शेजारच्या बोटाने थोडा वेळ दोघांचे काम केले. नंतर तेही सुटले. मी उजव्या हाताने आवाजाचे बटण शेवटपर्यंत बंद केले.

बासचा आवाज थांबला नाही.

आशिषचा डावा हात कीबोर्डच्या खालच्या पट्ट्यांवर होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. कीबोर्डचा तेवढा भाग बासच्या आवाजावर लावलेला होता. चालू गाण्यात तो कोणी लावू शकत नाही. आधीच लावून ठेवलेला होता. मी मधुकरच्या पाठीकडे पाहिले. तो गात होता. उत्तम गात होता. त्या दिवशी त्याचा आवाज ज्या उंचीवर गेला होता, तिथे तो पुढे मला फारसा ऐकू आला नाही. उरलेला कार्यक्रम मी बंद वाद्यावर बोटे हलवत उभा राहिलो. खाली उतरलो तेव्हा एक बाई लेकराला कडेवर घेऊन पुढे आली. "भाऊ, मंगाशी खराब झाली होती ना तुमची गिटार? मंग मस्त वाजली. लय मस्त." मी मान लववली. तिने लेकराचा हात माझ्या हाताला लावला.

परतीच्या गाडीत मधुकर माझ्या शेजारी येऊन बसला. पुढे सगळे झोपले होते.

"सुखदेवा, राग आला काय?"

"कशाचा?"

"आशिषले मीच सांगून ठेवलं होतं."

"बरं केलं."

"असं तोंड करून बरं केलं म्हंतेत काय बे? शिवी दे ना एखांदी."

मी दिली नाही. बाहेर नांगरलेली काळी वावरे मागे जात होती. थोड्या वेळाने तो म्हणाला, "पुढं बी येत जाय. वाजलं नाई तरी चालते. तू मागं उभा नसला तं मले उजव्या अंगानं उघडं पडल्यासारखं वाटते."

"हे काय काम झालं?"

"मी कुठी काम म्हनलं?"

घरी आलो. कुसुमने दार उघडले, माझ्याकडे पाहिले आणि पिशवी माझ्या खांद्यावरून स्वतः उतरवून घेतली. "झालं?" तिने विचारले. "झालं," मी म्हणालो. तिने पिशवी पलंगावर ठेवली नाही. मी तिच्याकडे पाहताच मात्र ती थांबली आणि म्हणाली, "ठेवू काय कूलरपुढं?" मी नको म्हणालो.

त्या उन्हाळ्यात मी पुन्हा दोनदा प्रयत्न केला. बास अंगणातल्या खोलीत, कोरड्या हवेत ठेवला आणि तिथेच बसवला. पातळ तारा मागवून पाहिल्या. पातळ तारा आणखी झणझणल्या. जूनमध्ये हवा बदलली आणि दांडी पुन्हा दुसरीकडे गेली. एक दिवस लोखंडी पट्टी लावून पाहताना दांडीला किंचित पीळ पडल्याचे दिसले. एक कड वर, दुसरी खाली. पीळ सळईने निघत नाही. डॉक्टरांनी उजेडापुढे धरलेल्या त्या फोटोची मला आठवण झाली. मी पट्टी जागेवर ठेवली. त्यानंतर काही घासले नाही.

काल संध्याकाळी मधुकरचा फोन आला. त्याला आता दम लागतो. एक ओळ झाली की तो श्वासासाठी थांबतो. पहिला कार्यक्रम शेंदूरजनाघाटचा आहे, असे म्हणाला. "येतू ना?" त्याने विचारले. त्या हिवरखेडनंतर तो दरवर्षी विचारतो आणि मी दरवर्षी जातो. वाद्य गळ्यात अडकवतो, बटण बंद ठेवतो आणि त्याच्या मागे उजव्या हाताला उभा राहतो. वंदनेला सगळ्यांबरोबर उभे राहायचे असते, आणि मला माझी दुसरी जागा माहीत नाही. याहून अधिक कारण मी देऊ शकत नाही.

"येतो," मी म्हणालो.

आज दुपारी वाद्य काढले. करंगळी आता तारेपर्यंत पोचते आणि तिथेच पडून राहते. तिथून उचललीही जात नाही. चावी घेऊन घोडीचे चारही स्क्रू शेवटपर्यंत फिरवले. पुढे फिरेनात तेव्हा थांबलो. तारा सगळ्या पडद्यांवर टेकल्या आहेत. एक छेडली, लाकडावर नख वाजावे तसा आवाज आला आणि बंद झाला. बोट नुसते ठेवले तरी पुरते.